थंड रंग की उबदार रंग? आधी खोलीचा उजेड बघा

पाऊस ओसरू लागला की नाशिकच्या रंगाच्या दुकानांत गर्दी होते आणि आमच्याकडे रंगकामाची पत्रे येऊ लागतात. यंदा निम्म्याहून जास्त पत्रांत एकच कोडे आहे: भिंतींना थंड रंग द्यावा की उबदार? त्यातली निवडक पत्रे इथे घेतली आहेत.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. पिवळा, तांबडा, नारिंगी यांच्याकडे कललेले रंग उबदार; उदाहरणार्थ मोतिया, बदामी, केवडा, अबोली. निळ्या-जांभळ्याकडे कललेले ते थंड, म्हणजे आकाशी, मोरपंखी वगैरे. हिरवा दोन्हीकडे जातो. पोपटी, पिस्ता पिवळ्याकडे झुकतात, पाणहिरवा निळ्याकडे. राखाडी आणि पांढरा हे दिसायला बिनरंगी, पण सर्वांत जास्त फसवणारे, कारण त्यांच्यातली झाक भिंतीवर चढेपर्यंत दिसत नाही. घर थंड वाटेल की उबदार, हे रंगाच्या नावापेक्षा या झाकेवर ठरते. आणि झाक बाहेर काढायचे काम उजेड करतो.

प्रश्न : गंगापूर रोडला आमचा टू बीएचके आहे. हॉल १२ बाय १८, एकच मोठी खिडकी, तीही उत्तरेला. फरशी आयव्हरी रंगाची व्हिट्रिफाइड. दुकानात कार्डावर फिकट राखाडी फार सुंदर दिसला म्हणून तोच लावला. आता भिंती चक्क निळसर दिसतात आणि फरशी पिवळी पडल्यासारखी वाटते. रंगारी म्हणतो, रंग कोडप्रमाणेच आहे. चूक कोणाची? पुन्हा रंगवायचे तर काय काळजी घ्यावी?

उत्तर : रंगारी खरे सांगतो आहे. रंग कोडप्रमाणेच असणार, फक्त तो या खोलीचा नाही.

उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड उन्हाचा नसतो, आकाशाचा असतो. आणि आकाश निळे, म्हणून तो उजेडही निळसर. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २३ सप्टेंबर ते २१ मार्च या सहा महिन्यांत उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. उन्हाळ्यात येते ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरपे. फक्त मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपासपासून जुलैच्या २३ तारखेपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, पण तोही इतका उंच की छज्जा त्याला अडवतो. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ तुमचा हॉल निळसर उजेडात असतो. त्यात राखाडी रंगात निळ्याची झाक असली, तर ती दुपटीने वर येते.

दुसरी गोष्ट फरशीची. आयव्हरी फरशीत पिवळी झाक असते. एकटी असते तेव्हा ती डोळ्यांना पांढरीच वाटते. शेजारी निळसर भिंत आली की डोळा तुलना करतो आणि फरशी मळकी दिसू लागते. ही तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांना वाटते की फरशी खराब झाली, ॲसिडने धुवावी. तसे मुळीच करू नका. ॲसिडने फरशीच्या सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते आणि पिवळेपणा जात नाही, कारण तो तिचा मूळ रंग आहे. फरशी बदलणे महाग, भिंत बदलणे स्वस्त. म्हणून भिंतीनेच फरशीशी जुळवून घ्यावे.

झाक ओळखायची साधी रीत आहे. छपाईचा कोरा पांढरा कागद घ्या. शेड कार्डाची पट्टी त्यावर ठेवून खिडकीजवळ उभे राहा. पांढऱ्याशेजारी निळा, हिरवा, गुलाबी, पिवळा, जो काही कल असेल तो लगेच उघडा पडतो. तरी कळले नाही, तर त्याच पट्टीवरची सर्वांत गडद छटा पाहा. फिकट राखाडीच्या पट्टीत खाली शाईसारखा निळा असेल, तर वरचा राखाडीही निळाच. खाली ओल्या मातीचा किंवा करडा-तपकिरी रंग असेल, तर तो राखाडी उबदार. तुम्हाला राखाडीच हवा असेल तर ही दुसरी पट्टी निवडा. नाहीतर मोतिया, दुधी किंवा फिकट बदामी घ्या. उत्तरेच्या खोलीत हे रंग पिवळे दिसत नाहीत, स्वच्छ पांढऱ्याच्या जवळ जातात.

कार्डावर ठरवलेला रंग थेट भिंतीवर नेऊ नका. एक लिटरचा डबा करून घ्या. २ बाय २ फुटांच्या प्लायच्या किंवा हार्डबोर्डच्या तुकड्याला प्रायमर मारा, मग रोलरने रंगाचे दोन हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. इमल्शन ओले असताना फिके दिसते, वाळल्यावर थोडे गडद होते, म्हणून ओल्या रंगावरून मत बनवू नका. फळी आडवी ठेवून पाहायची नाही, भिंतीला टेकवून उभी करायची. एकदा खिडकीसमोरच्या भिंतीला, एकदा खिडकीच्याच भिंतीला, एकदा खाली फरशीला टेकवून. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावल्यावर. जमल्यास एक ढगाळ दिवसही बघा. सध्याच्या भिंतीवरच चार रंगांचे चौकोन शेजारी-शेजारी मारून पाहणे टाळा. मागचा निळसर रंग प्रत्येक चौकोनाला जास्त पिवळा भासवतो आणि तुम्ही पुन्हा फसता.

आणखी एक. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, म्हणून चारही भिंती रंगल्यावर छटा कार्डापेक्षा गडद आणि भडक वाटते. शंका असेल तेव्हा एक पायरी फिकी छटा घ्या, किंवा दुकानात त्याच कोडच्या टिंटची, म्हणजे पांढऱ्या रंगात मिसळायच्या रंगद्रव्याची, अर्धी मात्रा टाकून घ्या.

आता मालाचा हिशोब. भिंतींची उंची १० फूट धरली, तर १२ आणि १८ ची बेरीज ३०, तिची दुप्पट ६०, गुणिले १०, म्हणजे ६०० चौरस फूट. दार, मोठी खिडकी आणि पॅसेजची मोकळी जागा वजा केली की साधारण ५३०. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हातांना १२० ते १४० चौरस फूट होतात. म्हणजे चार लिटरचा एक डबा थोडासा कमी पडू शकतो. चार आणि एक असे पाच लिटर घ्या.

पुट्टी पुन्हा लावायची गरज नाही. भिंतीवर तळवा घासून पाहा. हाताला पांढरी पूड लागली तर प्रायमरचा एक हात द्यावा लागेल. नाही लागली तर २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलके घासा, ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि थेट दोन हात मारा.

प्रश्न : सिडकोत आमचे रो हाऊस आहे. वरची बेडरूम पश्चिमेला आणि वर थेट गच्ची. मार्च ते मे खोली भट्टीसारखी तापते. निळा रंग दिला तर खोली गार होईल का?

उत्तर : नाही. आतल्या भिंतीच्या रंगाने खोलीचे तापमान जाणवेल इतके उतरत नाही. निळ्या खोलीत गार वाटते ही मनाची जाणीव आहे. ती खोटी नाही, पण तिच्या भरवशावर मे महिना काढता येणार नाही.

उष्णता येते ती वरून स्लॅबमधून, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीतून आणि काचेतून. खर्च करायचाच तर तिकडे करा. गच्चीला परावर्तक पांढरा लेप द्या: आधी तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटी वाळू काढा, भेगा भरा, आणि पाऊस पूर्ण थांबून स्लॅब वाळल्यावर डब्यावर सांगितले असतील तितके हात द्या. पश्चिमेची बाहेरची भिंत गडद असेल तर ती फिकी करा. खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चीक किंवा हिरवी जाळी लावलेली बरी, कारण ऊन काचेतून आत आले की उष्णताही आत आलीच.

एवढे केल्यावर आतला रंग जरूर थंड घ्या, पण त्याचे कारण वेगळे आहे. संध्याकाळी चार ते सहा या वेळात पश्चिमेचे ऊन पिवळे-नारिंगी होत जाते. अबोली किंवा आंबा रंगाची भिंत त्या उन्हात भगभगते. तिथे राखाडी मिसळलेला फिकट हिरवा किंवा आकाशी शांत दिसतो. निव्वळ आकाशी मात्र नको. थोडी करडी छटा असलेला घ्या. पावसाळ्यात ढगाळ दिवशी निव्वळ आकाशी खोली उदास वाटते आणि डिसेंबर-जानेवारीत, नाशिकचा पारा रात्री दहाच्या खाली जातो तेव्हा, तीच खोली अंगावर येते. त्या दोन महिन्यांसाठी विटकरी किंवा मोहरीच्या रंगाचे पडदे आणि चादरी वापरा. पडदे बदलणे भिंत बदलण्यापेक्षा कितीतरी सोपे.

रंग फार गडदही घेऊ नका. कार्डाच्या मागे बऱ्याच कंपन्या एलआरव्ही हा आकडा देतात. भिंत किती उजेड परत फेकते त्याचे ते माप. काळा शून्याजवळ, पांढरा शंभराच्या दिशेने. बेडरूमला ५५ ते ७० पुरेसा. ४० च्या खाली गेलात की दिवे वाढवावे लागतात.

प्रश्न : जुन्या नाशकात आमचा वाडा आहे. माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. भिंती दोन फूट जाड, खिडक्या लहान, वर सागवानी तुळया. मुलगा म्हणतो पांढराशुभ्र प्लास्टिक पेंट मारू, उजेड पडेल. खालच्या तीन फुटांत ओल आहे, दर वर्षी पोपडे निघतात. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ओलीचा आधी सोडवावा लागेल.

अशा भिंती दगड-विटा, माती आणि चुन्याच्या असतात. जमिनीतली ओल त्या वर ओढतात आणि पृष्ठभागावरून हवेत सोडतात. त्यावर सिमेंटची पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की वाट बंद होते. ओल मागे साठते, तिच्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या मागे जमतात आणि पापुद्रा ढकलून देतात. हाच तो लोणा. दर वर्षी पोपडे निघतात ते रंग हलका होता म्हणून नव्हे, त्या भिंतीला तो रंग चालत नाही म्हणून. महागाचा पेंट मारलात तर पोपडे मोठे निघतील, एवढाच फरक.

जुना रंग, डिस्टेंपर आणि पुट्टी पत्र्याने पूर्ण खरवडून काढा. थोडा जरी राहिला तरी चुना तिथे धरणार नाही. लोण्याची पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका. पाण्यात क्षार विरघळतात आणि पुन्हा भिंतीत शिरतात. निखळलेला गिलावा चुना-वाळूनेच दुरुस्त करा, तिथे सिमेंट भरू नका. अंगणातले किंवा न्हाणीचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरत असेल तर आधी त्याला वाट काढून द्या. ते राहिले तर बाकीची मेहनत फुकट आहे.

मग चुन्याची सफेदी. कळीचा चुना विरवायचा असेल तर लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा-थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका, तो उसळून डोळ्यांत जातो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. किमान एक रात्र मुरू द्या, जास्त दिवस मुरला तर उत्तम. नंतर पातळ फडक्यातून गाळून दुधाइतका पातळ करा, भिजवलेल्या डिंकाचे पाणी मिसळा. भिंतीवर आधी पाणी शिंपडा आणि रुंद ब्रशने पातळ हात द्या. ओला असताना हा हात जवळजवळ दिसत नाही, वाळला की पांढरा फुटतो. म्हणून घाईने जाड हात मारण्याचा मोह आवरा. जाड थर भेगाळून गळतो. रोज एक, असे तीन हात.

आता रंगाचा प्रश्न. चुन्यात नीळ टाकायची आपल्याकडे जुनी सवय. भरपूर उजेडात निळीमुळे पांढरा झळकतो, पण अंधाऱ्या माजघरात तोच राखी आणि गारठलेला दिसतो. शुभ्र रंगाला शुभ्र दिसायलाही उजेड लागतो, आणि तुमच्याकडे उणीव त्याचीच आहे. त्यात काळपटलेल्या तुळयांशेजारी निळसर पांढरा फारच परका वाटतो. म्हणून नीळ टाळा. शेवटच्या दोन हातांत थोडी पिवळी माती घाला, चुन्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आतच. जास्त घातली तर हाताला रंग लागतो. एका कोपऱ्यात हातभर जागेत मारून, पूर्ण वाळवून पाहा. ओल्यात जो रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर खूप फिका होतो. साईच्या रंगाइतका आला की थांबा.

एक जागा मात्र निखळ पांढरी ठेवा: खिडकीच्या आतल्या बाजूंच्या जाड कडा, खालची बैठक आणि वरचा भाग. दोन फुटी भिंतीत या कडाच उजेड पकडतात आणि आत फेकतात. एवढ्या चार कडा पांढऱ्या केल्यावर माजघरात किती फरक पडतो ते बघाच.

प्रश्न : दिवसा आमचा हॉल छान बदामी दिसतो, रात्री मात्र हिरवट आणि फिका. रंग खराब आहे का? (नाशिकरोड)

उत्तर : रंग नाही, दिवे. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ४००० मधला, ३००० किंवा २७०० पिवळसर. बदामी भिंतीवर ६५०० चा दिवा टाकला की त्या रंगातला तांबूसपणा मरतो. एक बल्ब ३००० चा आणून फक्त एका रात्री लावून बघा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे माप म्हणजे सीआरआय. खोक्यावर तो ८० असेल तर ठीक, ९० असेल तर रंग अधिक खरे दिसतात. एकाच खोलीत ६५०० आणि ३००० एकत्र लावू नका. अर्धी भिंत एका रंगाची, अर्धी दुसऱ्या रंगाची दिसते. मुलांचा अभ्यास हॉलमध्येच होत असेल तर ४००० चे घ्या. बदामी त्यात बिघडत नाही.

प्रश्न : हॉल आणि डायनिंग सलग आहेत. हॉल उबदार आणि डायनिंग थंड रंगात करायचे आहे. चालेल का? रंग कुठे तोडायचा?

उत्तर : चालेल, मात्र दोन्ही रंगांचा फिके-गडदपणा सारखा ठेवा. मोतिया जितका फिका, तितकाच फिका हिरवा. एलआरव्हीत दहाच्या आत फरक असला की डोळ्याला खटकत नाही. रंग नेहमी आतल्या कोपऱ्यात तोडा. बाहेर आलेल्या खांबाच्या कडेवर तोडलात तर दोन्ही रंग एकदम दिसतात, शिवाय ती कड घासली जाऊन लवकर फाटते. छत आणि दारांच्या चौकटी दोन्हीकडे एकाच पांढऱ्यात ठेवा, तोही किंचित उबदार. सोफ्यावर बसल्यावर दारांतून कोणत्या खोल्यांचे तुकडे दिसतात ते पाहा आणि त्या खोल्यांचे रंग याच वेळी ठरवा. एकेक खोली सुटी ठरवली की घर तुकड्यांचे दिसते.

प्रश्न : देवळाली कॅम्पला वडिलांची खोली रंगवायची आहे. वय ७८. त्यांना आकाशी रंग आवडतो. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. त्याआधी रंगकाम उरकावे असा विचार आहे.

उत्तर : रंग निवडणे ऑपरेशननंतर ठेवा, असे आवर्जून सांगू. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळे होत जाते आणि मोतीबिंदूत आणखीच. त्यातून फिकट आकाशी त्यांना राखाडी दिसत असणार, म्हणून आज ते गडद निळा निवडतील. ऑपरेशननंतर निळा रंग एकदम लख्ख दिसू लागतो आणि तोच गडद निळा त्यांना बोचेल. डोळा स्थिरावला आणि डॉक्टरांनी होकार दिला की रंगवलेल्या दोन-तीन फळ्या त्यांच्या पलंगासमोर उभ्या करून त्यांनाच निवडू द्या. खोली त्यांची आहे. रंगकाम सुरू असताना आणि नंतरचे तीन-चार दिवस मात्र त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवा. घासणीची धूळ त्या डोळ्याला अजिबात चालणार नाही.

थंड की उबदार यापेक्षा या वयात भिंत आणि वस्तू यांतला फरक महत्त्वाचा. पांढऱ्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड, पांढरे दार, स्टीलचा आधारदांडा, यांपैकी काहीच पटकन दिसत नाही. भिंत आणि बाथरूमचे दार यांच्या एलआरव्हीत किमान ३० चा फरक ठेवा. भिंत फिकी आकाशी, दार सागवानी किंवा गडद निळे. स्विचबोर्डभोवती चार बोटांची गडद पट्टी रंगवली तरी रात्री हात बरोबर पोचतो. फिनिश मॅट घ्या. चकचकीत भिंतीवर खिडकीचे प्रतिबिंब पडते आणि डोळे दिपतात.

प्रश्न : मुलीला खोलीत लिंबासारखा पिवळा हवा. रंगारी म्हणतो चार हात लागतील. तो पैसे वाढवतो आहे का? (इंदिरानगर)

उत्तर : तो बरोबर सांगतो आहे. भडक पिवळा, लाल आणि नारिंगी यांची झाकण्याची ताकद कमी असते, कारण फिकट रंगांना झाकण्याची ताकद देणारा पांढरा पिगमेंट त्यांत फार थोडा घालता येतो. खालचा रंग आरपार दिसत राहतो. खाली एकसारखा पांढरा हात दिला तरी वर तीन लागतात. हळदीकडे झुकणारा, मातकट पिवळा घेतलात तर बहुधा दोनांत भागेल, कारण लोहाचे मातकट पिवळे चांगले झाकतात. चार भिंती पिवळ्या करू नका. एकमेकींवर रंग पडून चेहराही पिवळा दिसतो. पलंगामागची एक भिंत पिवळी, बाकी तीन मोतिया. अभ्यासाच्या टेबलासमोरची भिंत पिवळी नको.

प्रश्न : पाथर्डी फाट्याला नवा फ्लॅट मिळाला. गिलावा होऊन दीड महिना झाला, तोही पावसाळ्यात. दसऱ्याला गृहप्रवेश आहे. फिकट हिरवा रंग ठरवला आहे. मारू का?

उत्तर : गृहप्रवेश करा, पण ठरवलेला रंग अजून मारू नका. नव्या सिमेंटच्या गिलाव्यात पाणीही असते आणि तीव्र अल्कलीही. पावसाळ्यातला दीड महिना वाळायला पुरत नाही. घाई केली की काही टिंट अल्कलीने उडतात आणि हिरव्या भिंतीवर पिवळट किंवा पांढुरके डाग उमटतात. मग लोक रंगाच्या कंपनीला दोष देतात.

दीड फुटी चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तासांनी बघा. आतून दव आले किंवा खालची भिंत गडद पडली असेल तर ओल आहे. ही चाचणी बाथरूमलगतच्या भिंतीला, बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीखाली, अशी तीन ठिकाणी करा.

दसऱ्यापुरता पांढऱ्या साध्या डिस्टेंपरचा एक हात पुरे. पुट्टीही आत्ता नको. ऑक्टोबरनंतर नाशिकची हवा कोरडी होते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा. संक्रांतीनंतर चाचणी पुन्हा करा, कोरडी आली की डिस्टेंपर खरवडून पुट्टी, प्रायमर आणि मग हिरवा. या चार महिन्यांचा एक मोठा फायदा म्हणजे त्या घरात राहून प्रत्येक खोलीचा उजेड तुम्हाला पाठ होतो. हिरवा पिस्त्याकडचा घ्यायचा की निळ्याकडचा, ते तेव्हा तुम्हीच सांगाल.

काम लांबून एप्रिल-मे उजाडला तर रंगाऱ्याला सांगा, पंखा बंद ठेवून एका भिंतीचे काम एका दमात, न थांबता पूर्ण कर. कोरड्या गरम हवेत रंग रोलरखालीच सुकतो आणि जोडाचे पट्टे पडतात.

प्रश्न : एकाच कोडचे दोन डबे, तरी एक भिंत पिवळट आणि एक पांढुरकी. असे का झाले? उरलेला रंग टचअपला ठेवता येईल का?

उत्तर : बेसच्या, म्हणजे टिंट मिसळण्याआधीच्या मूळ रंगाच्या, डब्यांचा बॅच नंबर वेगळा असला किंवा दोन वेळा टिंट केले की इतका फरक पडू शकतो. फिकट उबदार रंगांत तो जास्त दिसतो, कारण टिंटचा एखादा थेंब कमी-जास्त झाला तरी झाक सरकते. काम सुरू करण्याआधी सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून, काठीने तळापासून ढवळून एकजीव करायचे असतात. आता पिवळट भिंतीवर उरलेला सगळा रंग एकत्र करून एक हात द्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मध्येच ठिगळ मारू नका.

उरलेला रंग मोठ्या डब्यात तळाशी ठेवलात तर वर साय धरते. तो गाळून, तोंडापर्यंत भरेल अशा लहान प्लास्टिकच्या बाटलीत भरा. बाटलीवर कोड, बेस, बॅच नंबर, खोली आणि तारीख लिहून पट्टी चिकटवा. गच्चीवर किंवा गॅस शेगडीखालच्या कप्प्यात ठेवू नका. पलंगाखालची सावलीतली जागा चांगली.